पोलिसांचा ओव्हरटाइम पेंशनमध्ये का धरत नाहीत

इंदूरच्या मराठी घरांत पोलीस खात्यातली माणसं कमी नाहीत. निवृत्ती जवळ आली की घरात विषय निघतोच: एवढी वर्षं बारा-चौदा तास राबलो, त्याचं पेंशनमध्ये काही मिळेल की नाही? काहीही मिळत नाही.

१८६१ च्या पोलीस कायद्याचं कलम २२ म्हणतं की पोलीस कायम ड्युटीवरच समजला जाईल. मग जादा तास मोजायचे तरी कशाच्या पुढे? अनंत चतुर्दशीला झांक्यांच्या (मिरवणुकीतल्या देखाव्यांच्या) बंदोबस्तावर संध्याकाळी उभा राहिलेला आरक्षक, म्हणजे कॉन्स्टेबल, उजाडल्यावर मोकळा होतो. थान्याच्या रोजनामच्यात त्याची रवानगीही असते, वापसीही असते. पण पगारबिल बनवणाऱ्या बाबूला त्या नोंदीशी काही घेणंदेणं नाही.

पेंशन ठरते मूळ वेतनावर. ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे काढताना त्यात महागाई भत्ता मिळवतात. १ जानेवारी २००५ पासून भरती झालेल्यांची एनपीएसची, म्हणजे पगारातून पैसे कापून साठवणाऱ्या नव्या पेंशन योजनेची, कपातही याच दोन आकड्यांवर होते. आहार भत्ता, वर्दी भत्ता यांतलं काहीच मोजत नाहीत. म्हणून ‘ओव्हरटाइमचा भत्ता द्या’ ही मागणी मला अपुरी वाटते. भत्ता हातात पडतो, खर्च होतो, आणि निवृत्तीच्या कागदावर त्याचा मागमूस उरत नाही.

प्रत्यक्ष ओव्हरटाइम पेंशनमध्ये धरावा, असंही मी म्हणणार नाही. अमेरिकेत काही ठिकाणी तसं होतं, आणि तिथे शेवटच्या वर्षांत जादा तास ओढून पेंशन फुगवल्याच्या तक्रारी झाल्या. कॅलिफोर्नियाने २०१३ पासून नव्या भरतीसाठी ओव्हरटाइम पेंशनच्या हिशेबातून वगळला. आपल्याकडे याहून चांगला दाखला आहे. केंद्र सरकारी डॉक्टरांना खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दल मिळणारा भत्ता पेंशनसाठी वेतनात धरतात. कायम ड्युटीवर असण्याबद्दल पोलिसांनाही तसाच ठरावीक भत्ता मिळावा आणि तो वेतनाचाच भाग मानावा. मागायचं तर हे मागावं.

तोवर हातात आहे ते रजेचं खातं, आणि नुकसानही तिथेच जास्त होतं. अर्जित रजा वर्षाला ३० दिवस, जानेवारी आणि जुलैत पंधरा-पंधरा अशी जमा होते. निवृत्तीला जास्तीत जास्त ३०० दिवसांचे पैसे मिळतात. मूळ वेतन ४०,००० आणि महागाई भत्ता ५० टक्के धरला, तर महिन्याचे झाले ६०,०००. ३०० दिवसांचे सरळ ६ लाख. सरकारी नोकराला यावर आयकर नाही. पण खातं ३०० वर टेकलं की पुढची रजा वापरली नाही तर बुडते, आणि ‘बंदोबस्त आहे, आत्ता नाही’ म्हणून सुट्टी नाकारली जाते ती नेमकी याच लोकांची. बंदोबस्ताच्या बदल्यातली सुट्टी तर या खात्यात चढतच नाही. ती वेळेत घेतली नाही तर गेली. अर्ज लेखी द्या आणि नाकारला तर तेही लेखी मागा.

सर्व्हिस बुकातला रजेचा हिशेब निवृत्तीच्या दोन वर्षं आधी तपासा. बदली झालेल्यांच्या बाबतीत जुन्या जिल्ह्याच्या नोंदी हमखास राहून जातात, आणि शेवटच्या महिन्यात त्या गोळा करायला गेलं की केस अडकते. एनपीएसवाल्यांनी प्रान खात्याचं, म्हणजे आपल्या एनपीएस खात्याचं, स्टेटमेंट काढून आपली कपात आणि सरकारचा हिस्सा महिन्यावार जुळवून पाहावा. एखादा महिना गळालेला दिसला तर लगेच लेखी कळवावं, कारण त्या पैशावरची तेवढ्या काळाची वाढ बुडू शकते.