तारलीबद्दलचा तो मेसेज वाचून मासा सोडू नका

तारलीवर, म्हणजे सार्डिनवर, एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. त्यात चार गोष्टी आहेत. लहान मासा समुद्रातली घाण खातो म्हणून त्यात पारा जास्त, डब्यातल्या माशात पोषण उरतच नाही, ओमेगा-३ हवं तर जवस खा तेच मिळतं, आणि हा मासा इतकी अंडी घालतो की कितीही पकडा कधी संपणार नाही. चारही चूक आहेत. आणि लोक, त्यात गरोदर बायकासुद्धा, हे वाचून तारली बंद करतायत म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी पारा, कारण भीती त्याचीच जास्त बसलीय. तारली तळातला गाळ उपसत नाही, ती वरच्या पाण्यात थव्याने फिरते आणि तिच्या कल्ल्यांच्या आत कंगव्यासारखे बारीक काटे असतात, त्यातून पाणी गाळून प्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, खाते. समुद्रातल्या पाऱ्याचं बॅक्टेरिया मिथाइल मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचं विषारी रूप, करतात, ते प्लँक्टनमध्ये जातं, प्लँक्टन खाणाऱ्यात जातं, मग त्याला खाणाऱ्यात, आणि शरीरातून ते फार हळू बाहेर पडत असल्यामुळे प्रत्येक पायरीला साठा वाढत जातो. म्हणजे जास्त पारा कोणात, तर जो वरच्या पायरीवर आहे आणि वर्षानुवर्षं जगतो त्याच्यात. तारली खालच्या पायरीवर आणि आयुष्य थोडं. अमेरिकेत अन्न आणि औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेच्या तपासणीत सरासरी निघालीय ती अशी: तारलीत ०.०१३ पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत किती भाग पारा), शार्कमध्ये ०.९७९, तलवारमाशात ०.९९५. पंचाहत्तर पटींच्या आसपास फरक आहे! गरोदर बायकांसाठी त्यांची जी माशांची यादी आहे त्यात तारली सगळ्यात चांगल्या गटात आहे, आणि मेसेज नेमका उलटा सल्ला देतोय.

आता, लहान मासा म्हणजे कुठलाही डोळे मिटून खा असं मी म्हणत नाहीये. पाणी कुठलं हे बघावंच लागतं. जपानमध्ये मिनामाटाला कारखान्याचा पारा वर्षानुवर्षं खाडीत सोडला जात होता, १९५६ मध्ये तिथला आजार उघडकीला आला, तिथे लहान मासे आणि शिंपलेसुद्धा विषारी झालेले. बाल्टिक समुद्रातला हेरिंगही लहानच, पण त्या बंदिस्त समुद्रात डायॉक्सिन हे विषारी रसायन साठलंय आणि ते चरबीत मुरतं, त्यामुळे तिथल्या हेरिंगवर इशारे आहेत. पण हा दोष त्या त्या पाण्यात काय सोडलं गेलं त्याचा आहे, माशाच्या आकाराचा नाही.

डब्याचं सांगायचं तर मासा आधी डब्यात सीलबंद होतो आणि मग वाफेच्या दाबाखाली साधारण ११५ ते १२० डिग्रीला तापवला जातो, म्हणून तो टिकतो. या उष्णतेने बी१ सारखी काही जीवनसत्त्वं कमी होतात हे खरं. पण प्रोटीन, सेलेनियम, ओमेगा-३ हे बऱ्यापैकी तसंच राहतं, आणि एक फायदा असा की काटे इतके मऊ होतात की ते चावून खाता येतात. तेल निथळलेल्या काट्यांसकट १०० ग्रॅम डबाबंद तारलीत साधारण २४ ते २५ ग्रॅम प्रोटीन, ३८० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, जवळपास ९ मायक्रोग्रॅम बी१२ (मोठ्या माणसाची दिवसाची गरज अडीचच्या आसपास आहे), शिवाय ड जीवनसत्त्व. याला पोषण उरत नाही कसं म्हणायचं? काटे काढलेला प्रकार घेतला तर मात्र कॅल्शियमचा मोठा भाग जातो. आणि मीठ बघून घ्या, काही डब्यांत बरंच असतं.

खरी काळजी घ्यायच्या दोन गोष्टी आहेत त्या मेसेजमध्ये आल्याच नाहीत, याचंच मला वाईट वाटतं. एक म्हणजे तारलीत प्युरिन (ज्याचं शरीरात युरिक अ‍ॅसिड होतं) भरपूर, त्यामुळे युरिक अ‍ॅसिड किंवा गाउटचा त्रास असेल त्यांनी डॉक्टरांना विचारून खावी. दुसरं, तारली, बांगडा, ट्यूना हे मासे पकडल्यावर लगेच बर्फात गेले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून जात नाही, खाल्ल्यावर तोंड लाल होणं, पुरळ, डोकं दुखणं असं होतं, आणि लोकांना वाटतं माशाची अ‍ॅलर्जी आहे.

जवस चांगलंच आहे, पण त्यातलं ओमेगा-३ वेगळं, एएलए. मेंदू आणि डोळ्याला लागतं ते डीएचए, आणि एएलएचं डीएचए करायची आपल्या शरीराची ताकद फारच कमी आहे. मासाही ते मुख्यतः स्वतः बनवत नाही, सूक्ष्म शेवाळं बनवतात आणि प्लँक्टनमधून माशात येतं, त्यामुळे मासा न खाणाऱ्यांसाठी शेवाळाचं तेल हा खरा पर्याय आहे. जवस नाही.

आणि आता ते "कधी संपणार नाही". सगळ्यात धोकादायक वाक्य हेच आहे. अंडी खूप घालते हे खरं, पण म्हणूनच घालते की त्यातली जवळजवळ सगळी मरतात. पिल्लाची अंड्यातली शिदोरी संपते त्या थोड्या दिवसांत आसपास योग्य प्लँक्टन मिळालं नाही तर त्या वर्षाची पिढीच जाते. नॉर्वेचा मत्स्यशास्त्रज्ञ योहान योर्ट याने ही कल्पना १९१४ मध्येच मांडली होती. त्यात आयुष्य थोडं, त्यामुळे दोन-तीन वर्षं खराब गेली की मागे मोठ्या माशांचा साठा उरत नाही. कॅलिफोर्नियाजवळच्या सांता बार्बरा खोऱ्यात समुद्रतळाच्या थरांमध्ये तारलीचे खवले सापडतात, त्यावरून जवळपास १७०० वर्षांचा हिशोब लागलाय, मोठी मासेमारी नव्हती तेव्हाही हा मासा भरमसाट वाढून कोसळायचा. मग मासेमारीने काय बिघडतं असं कोणी म्हणेल, तर बिघडतं ते हे की उतरत्या काळातही बोटी तेवढ्याच जोरात चालतात. मासे कमी झाले तरी उरलेले दाट थवा करूनच फिरतात, बोटीवरच्या यंत्राला तो थवा दिसतो, पर्ससीन जाळं (थव्याला वेढून खालून आवळलं जाणारं) भरतं, आणि सगळं ठीक आहे असं वाटत राहतं अगदी शेवटपर्यंत. कॅलिफोर्नियात १९३६-३७ च्या हंगामात ७ लाख टनांच्या वर तारली निघाली होती आणि १९६७ मध्ये तिथे बंदी घालावी लागली.

नामिबियाचं तर याहून वाईट. १९६८ च्या सुमारास वर्षाला १० लाख टनांच्या वर पकड, पुढे साठा कोसळला आणि अजून नीट परतलेला नाही. तारलीची जागा जेलीफिश आणि गोबी माशांनी घेतली, आणि कमी चरबीच्या गोबीवर तिथले पेंग्विन आणि गॅनेट पक्षी तगू शकले नाहीत, त्यांची संख्या घसरली.

म्हणून अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर आता नियम असा आहे की तारलीचा अंदाजे साठा १.५ लाख टनांच्या खाली गेला की तिची मुख्य मासेमारी थांबते, बाजारात मागणी कितीही असो. २०१५ मध्ये ती खरंच थांबवली.