बारक्या पोरांनी रग्बीचा नाद करू नये म्हणे! रॉब बरोचं करिअर आधी नीट बघा

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, मला तीन ग्रुपवर आला. म्हणणं असं की सहा फूट उंची आणि शंभर किलो वजन नसेल तर रग्बीत करिअर होत नाही, आणि पुरावा म्हणून उदाहरण दिलंय इंग्लंडच्या लीड्स ऱ्हायनोज क्लबच्या रॉब बरोचं. बुटका होता, नुसता बदली खेळाडू म्हणून वापरला, मोठ्यांचा मार खाऊन आजार जडला आणि ४१ व्या वर्षी गेला. मी कित्येक वर्षं रात्री जागून रग्बी लीग, म्हणजे रग्बीचा १३ जणांचा प्रकार, बघतोय, त्यामुळे हे वाचून फार लागलं, आणि कुणाच्या तरी पोराचं मन यामुळे मोडायला नको म्हणून एवढं लिहितोय.

पहिलं, उंचीचं. बरो ५ फूट ५ इंच होता, हे खरंय. पण मेसेज लिहिणाऱ्याने हा खेळ बघितलेला नाही. रग्बी लीगमध्ये एका बाजूला १३ जण, बॉलवाल्याला धरून पाडणं म्हणजे टॅकल, अशा सहा टॅकलमध्ये काय ते करायचं, आणि प्रत्येक टॅकलनंतर पाडलेला खेळाडू उठून पायाने बॉल मागे सरकवतो, तेवढ्यात बचाव करणाऱ्यांना १० मीटर मागे पळावं लागतं. परत पुढे, परत टॅकल, परत मागे. वीस-पंचवीस मिनिटं हे केलं की शंभर किलोवाल्या फॉरवर्डचे, म्हणजे पुढच्या फळीतल्या धिप्पाड खेळाडूचे, पाय जड होतात, वाकायला जीवावर येतं, आणि नेमकं तेव्हा पायाशी पडलेला बॉल उचलून बारका, चपळ माणूस सुटला तर त्याला धरणार कोण? ऑस्ट्रेलियाचा अ‍ॅलन लँगरही याच उंचीचा, ब्रिस्बेन ब्रॉन्कोज क्लबला त्याने ९० च्या दशकात चार विजेतेपदं मिळवून दिली. म्हणजे बरो एकटा अपवाद होता असंही नाही.

आता बदली खेळाडूचं, कारण मला सगळ्यात जास्त राग याचा आला. २००७ ची ग्रँड फायनल, म्हणजे सुपर लीग स्पर्धेचा अंतिम सामना, तो पहिल्या मिनिटापासून हाफबॅक (चाली रचणारा खेळाडू) म्हणून खेळला, लीड्सने सेंट हेलेन्सला ३३-६ ने हरवलं आणि सामनावीराची हॅरी संडरलँड ट्रॉफी त्याला मिळाली. त्याच वर्षी ग्रेट ब्रिटनने न्यूझीलंडला ३-० ने हरवलं, त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू पण हाच. बेंचवर बसायला लागला तो नंतर, आणि ते त्याला आवडत नव्हतं हे उघड होतं, पण बेंचवरून येऊन त्याने २०११ ला काय केलं ते यूट्यूबवर बघा एकदा. मँचेस्टरचं ओल्ड ट्रॅफर्ड मैदान, समोर परत सेंट हेलेन्स, लीड्स लीगमध्ये पाचव्या नंबरवरून फायनलला आलेली. बरो मैदानाच्या मध्यावर बॉल उचलतो, समोरचा धरायला हात टाकतो आणि हा त्या हाताच्या खालून जातो, अक्षरशः कमरेत वाकून, मग सगळ्यात मागे राखणीला असलेला एकटा फुलबॅक वेलन्स उरतो, त्याला एका पावलात चकवतो आणि थेट ट्राय, म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपलीकडे टेकवून गुण. उंच माणसाला ती जागा दिसलीच नसती. नंतर लीड्स ८-१६ ने मागे पडली तरी ३२-१६ ने जिंकली, आणि ट्रॉफी परत बरोला. २००१ ते २०१७ एकच क्लब, आठ ग्रँड फायनल जिंकल्या. नुसत्या बदली खेळाडूला कुठलाही क्लब १७ सीझन ठेवत नाही हो.

आजाराचं बोलताना जपून बोलायला हवं. बरोला मोटर न्यूरॉन डिसीज झाला (स्नायू हलवणाऱ्या नसांचा आजार, यात हळूहळू हालचालच बंद पडते), डिसेंबर २०१९ मध्ये निदान झालं. रग्बी आणि हा आजार यांचा संबंध आहे का याचा अभ्यास चालू आहे, स्कॉटलंडच्या माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंमध्ये धोका जास्त दिसला, आणि ही काळजीची गोष्ट आहेच, ती मी लपवणार नाही. पण उंचीचा काय संबंध? स्कॉटलंडचा रग्बी खेळाडू डॉडी वियर साडेसहा फुटांचा होता, त्यालाही हाच आजार झाला, २०२२ ला तोही गेला. डोक्याला मार लागण्याची काळजी करायची तर सगळ्याच पोरांची करा, फक्त बारक्यांना घरी बसवून काय होणार?

शेवटी मेसेजमध्ये लिहिलंय की असे खेळाडू विसरले जातात. पण बरोचा लीड्समधला कॅप्टन केव्हिन सिनफिल्ड या आजारासाठी डिसेंबर २०२० ला सात दिवसांत सात मॅरेथॉन धावला, २० लाख पौंडांच्या वर पैसे जमले. मे २०२३ ला लीड्सच्या मॅरेथॉनमध्ये तो पूर्ण २६ मैल बरोची व्हीलचेअर ढकलत आला, आणि रेषेच्या अलीकडे थांबला, वाकून मित्राला दोन्ही हातांवर उचललं, गालाचा मुका घेतला आणि तसंच उचलून रेषा पार केली. २ जून २०२४ ला बरो गेला. दुसऱ्याच दिवशी लीड्सच्या सीक्रॉफ्ट हॉस्पिटलमध्ये या आजाराच्या पेशंटसाठी त्याच्या नावाच्या सेंटरचं काम सुरू झालं.