फोटोखाली नाव लिहा

नाशिकमधल्या तरुण फोटोग्राफर मंडळींना कळकळीची विनंती आहे. घर सोडावं लागलेल्या माणसाचा फोटो काढलात, तर त्याला नाव विचारा. त्याची हरकत नसेल, तर फोटोखाली ते लिहा.

१९८४ साली पाकिस्तानात पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत स्टीव्ह मॅकरी यांनी हिरव्या डोळ्यांच्या एका अफगाण मुलीचा फोटो काढला. जून १९८५ मध्ये तो नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला आणि जगभर गेला. तिचं नाव शरबत गुला, हे जगाला कळायला २००२ उजाडलं. तो फोटो तिनं स्वतःही तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. २०१६ मध्ये खोट्या ओळखपत्राच्या आरोपावरून पाकिस्ताननं तिला अटक केली आणि अफगाणिस्तानात परत धाडलं. जगातला सर्वांत ओळखीचा निर्वासित चेहरा, आणि ओळखपत्रासाठी तुरुंग! मला हे अजून पचत नाही.

डोरोथिया लँग यांचा १९३६ चा फोटोही तसाच. कॅलिफोर्नियात वाटाणातोडणीच्या मजुरांच्या तळावर मुलांना बिलगून बसलेली आई. फोटो छापून आला आणि तळावर सरकारी धान्य पोचलं. फोटोत ताकद असते ती अशी. पण तोवर ती बाई पुढे निघून गेली होती. लँग यांनी नाव विचारलं नव्हतं. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव पुढे आलं १९७८ साली, आणि या फोटोतून आपल्याला काहीच मिळालं नाही ही तिची खंत होती.

आता आपल्याकडे या. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी निघालेल्या शेतकऱ्यांचे सोललेले तळपाय देशानं पाहिले. वनजमिनीच्या हक्कासाठी निघालेले ते पाय सुरगाणा-पेठकडच्या कुणाकुणाचे होते, सांगता येईल? मे २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये मजूर पायी गावी निघाले तेव्हा, मुंबई-आग्रा महामार्गावर पुन्हा तेच. कसारा घाट चढून आलेली माणसं, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. फोटो पाठीमागून नाहीतर पुलावरून काढलेले. पाठीला नाव विचारता येत नाही, त्यासाठी समोर जावं लागतं, दोन मिनिटं बोलावं लागतं.

नाव छापणं धोक्याचं असेल तर छापू नका. २०१७ मध्ये म्यानमारमधून सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात आले, तेव्हा अनेकांचे नातलग मागेच अडकले होते. अशा वेळी नाव झाकणं हीच माणुसकी. पण ते त्या माणसाला विचारून ठरवा. आपल्याला विचारायचा कंटाळा आला म्हणून तो निनावी राहू नये.

छावणी बघायला लांब जायचीही गरज नाही. भात-नागली निघाली की पेठ, सुरगाण्याची कुटुंबं जगायला म्हणून दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांवर येतात. बागेच्या कडेला पाल पडतं, तिथेच चूल, तिथेच पोरांची झोप. आपण द्राक्षांच्या घडांचे फोटो टाकतो, विरळणी करणारे हात टाकतो. त्या हातांची बाई कुठल्या पाड्यावरची, तिच्या पोरांची शाळा किती महिने बुडाली, हे फोटोखाली का येत नाही? माझ्या मते तीन ओळींची ही माहिती नसेल, तर फोटो अर्धाच आहे.

आणि एक प्रिंट काढून तिच्या हातात द्या. मोबाइलवर दाखवून भागत नाही. होळीच्या आधी द्या, कारण होळीला ही मंडळी गावी परततात, मग गाठ पडत नाही.