पाओलो माल्दिनीला वडिलांनी काय दिलं आणि काय नाही

फुटबॉलवर मराठीत लिहिणाऱ्या गटांमध्ये एक मजकूर वारंवार फिरतो. थोडक्यात तो असा: इटलीच्या मिलान क्लबाचा बचावपटू पाओलो माल्दिनी म्हणजे फुटबॉलमधल्या घराणेशाहीचा नमुना. वडील चेझारे मिलानचे कर्णधार आणि पुढे प्रशिक्षक, म्हणून पोराला सोळाव्या वर्षी थेट पहिल्या संघात घेतलं. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकही वडीलच, त्यांनीच त्याला कर्णधार केलं. शेजारी मिलानचाच थोर बचावपटू फ्रांको बारेसी असल्यामुळे त्याच्या उणिवा झाकल्या गेल्या. जन्मभर एकाच क्लबात राहिला, कारण बाहेर आडनाव चाललं नसतं. आणि आता नातवाचंही तेच चाललंय.

आपल्याकडे राजकारणात, सिनेमात, साखर कारखान्यांत वारसदार बघून बघून माणसं इतकी विटली आहेत की असा मजकूर लगेच पटतो. ती चीड समजण्यासारखी आहे. पण तिच्यापायी एका खेळाडूचं चोवीस-पंचवीस वर्षांचं काम पुसलं जात असेल, तर तारखा समोर ठेवायला हव्यात. मला माल्दिनीचा खेळ मनापासून आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. खालचा हिशोब मात्र त्याचा खेळ न आवडणाऱ्यालाही तपासता येईल.

आधी वडिलांबद्दल, कारण त्यांच्या मोठेपणाबद्दल वाद नाही. चेझारे माल्दिनी ट्रिएस्टचे. 1954 ते 1966 ते मिलानकडून खेळले आणि चार वेळा इटलीचं विजेतेपद मिळवलं. 1963 साली वेम्बलीवर बेनफिकाला 2-1 हरवून मिलानने युरोपियन कप जिंकला. इटालियन क्लबाने हा कप पहिल्यांदाच जिंकला होता, आणि तो उचलला कर्णधार चेझारे यांनी. त्यामुळे 1968 साली जन्मलेला पाओलो चेंडू पायात येण्याआधीपासून मिलानच्या लोकांना ठाऊक होता. दहा वर्षांचा असताना तो क्लबाच्या बालसंघाच्या चाचणीला गेला, तेव्हा त्याच्याकडे दहा माणसं जास्त बघत असणार. फुटबॉलच्या घरात वाढल्याचा फायदा होतो. तो त्यालाही झाला.

आता पदार्पण. 20 जानेवारी 1985, उदिनेचं मैदान, उदिनेझेविरुद्धचा सामना. सेर्जिओ बत्तिस्तिनी जखमी झाला आणि मध्यंतरानंतर सोळा वर्षांचा पाओलो मैदानात उतरला. सामना 1-1 सुटला. मजकूर म्हणतो, वडिलांनी आणलं. त्या दिवशी वडील होते कुठे? चेझारे तेव्हा एन्झो बेअरझोत यांचे सहायक म्हणून राष्ट्रीय संघाबरोबर काम करत होते. 1980 पासून ते त्याच कामात होते आणि 1982 चा विश्वचषक जिंकलेल्या संघाबरोबरही होते. मिलानमध्ये त्यांच्याकडे कोणतंही पद नव्हतं. प्रशिक्षक होते स्वीडनचे नील्स लीडहोल्म.

इथे कुणी म्हणेल, लीडहोल्म आणि चेझारे मिलानमध्ये एकत्र खेळलेले, म्हणजे ओळख होतीच. होती. पण याच लीडहोल्मनी 1978 साली आणखी एका सतरा वर्षांच्या पोराला पहिल्या संघात उतरवलं होतं. तो ब्रेशाजवळच्या त्रावाल्यातो गावातल्या शेतकरी घरातला होता आणि त्याचे आईवडील तो किशोरवयात असतानाच वारले होते. त्याचं नाव फ्रांको बारेसी. कोवळ्या पोरांवर भरवसा टाकणं ही लीडहोल्म यांची रीतच होती. शिवाय 1985 चं मिलान म्हणजे पुढे जगाने पाहिलेलं श्रीमंत मिलान नव्हे. सामनेनिश्चितीच्या प्रकरणात 1980 साली या क्लबाला दुसऱ्या विभागात ढकललं गेलं होतं, वर आल्यावर 1982 साली तो स्वतःच्या खेळामुळे पुन्हा खाली गेला. पैसेवाले मालक बर्लुस्कोनी यायला अजून वर्ष होतं. अशा क्लबात तरुण पोरांना संधी लवकर मिळते. आणि त्या हंगामात पाओलो सेरी आमध्ये, म्हणजे इटलीच्या अव्वल लीगमध्ये, किती सामने खेळला? एक. तोच. पुढच्या हंगामात जागा कमावल्यावरच तो नियमित दिसू लागला.

मजकुरातला सगळ्यात चुकीचा भाग राष्ट्रीय संघाबद्दलचा आहे, आणि सगळ्यात जास्त लोकांना खरा वाटतो तोही हाच. कारण चेझारे इटलीचे प्रशिक्षक होते आणि पाओलो त्यांचा कर्णधार होता, ही दोन्ही विधानं खरी आहेत. त्यांचा क्रम मात्र मजकुरात उलटा आहे.

पाओलो इटलीकडून पहिल्यांदा खेळला 31 मार्च 1988 रोजी, स्प्लिटमध्ये, युगोस्लाव्हियाविरुद्ध. निवड केली तेव्हाचे प्रशिक्षक अझेलिओ विचिनी यांनी. त्याच वर्षीच्या युरो स्पर्धेत आणि 1990 च्या घरच्या विश्वचषकात तो डावा बचावपटू म्हणून विचिनींच्याच संघात होता. त्या विश्वचषकात उपांत्य सामन्यापर्यंत इटलीवर एकही गोल झाला नव्हता. दूरदर्शनवर ते सामने पाहिलेल्यांना तो लांब केसांचा, कधी घाई न करणारा पोरगा आठवत असेल. विचिनींनंतर अरिगो साक्की आले. 1994 साली बारेसी राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला आणि कर्णधाराची पट्टी पाओलोकडे आली, ती साक्कींच्या काळात. 1996 च्या युरोत तोच कर्णधार होता. चेझारे मुख्य प्रशिक्षक झाले ते त्यानंतर, 1996 च्या अखेरीस. म्हणजे पट्टी मुलाच्या दंडावर आधी बांधली गेली होती, वडील नंतर आले.

त्यांचा काळ टिकला जेमतेम दीड वर्ष. 1998 च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सकडून पेनल्टींवर हार झाली आणि चेझारे यांचं पद गेलं. वशिल्याने मिळालेली जागा असती, तर ती इथे हलायला हवी होती. पुढचे प्रशिक्षक दीनो झोफ यांनी पाओलोलाच कर्णधार ठेवलं आणि संघ 2000 च्या युरोच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. त्यांच्यानंतर जोव्हानी त्रापातोनी यांनीही 2002 पर्यंत त्यालाच ठेवलं. पाच प्रशिक्षक, चौदा वर्षं, 126 सामने, त्यांतले 74 कर्णधार म्हणून. पाचांपैकी एकच त्याचे वडील होते.

वडिलांनी त्याला निवडलं असे प्रसंग आहेत, आणि तेही सांगितले पाहिजेत. 1986 पासून चेझारे इटलीच्या एकवीस वर्षांखालच्या संघाचे प्रशिक्षक होते आणि पाओलो त्या संघात खेळला. 2001 च्या वसंतात मिलानने प्रशिक्षक झाक्केरोनींना काढलं, तेव्हा उरलेल्या हंगामासाठी चेझारे यांना बोलावलं गेलं. त्यांच्या हाताखाली 11 मे 2001 रोजी मिलानने त्याच शहरातल्या इंटरला 6-0 हरवलं, आणि कर्णधार पाओलो होता. पण 1986 साली तो मिलानचा नियमित खेळाडू होता आणि 2001 साली तो इटलीचा सर्वाधिक अनुभवी बचावपटू होता. त्याला वगळलं असतं, तर लोकांनी वडिलांनाच जाब विचारला असता.

बारेसीचा आरोप मला गंभीर वाटतो, कारण तो खेळाबद्दल आहे. तास्सोत्ती, बारेसी, कोस्ताकुर्ता, माल्दिनी ही चौकडी फुटबॉलच्या इतिहासातल्या सर्वोत्तम बचावफळ्यांत गणली जाते. 1993-94 च्या हंगामात चौतीस लीग सामन्यांत मिलानवर फक्त 15 गोल झाले. अशा फळीत प्रत्येक जण इतरांमुळे मोठा दिसतो, हे मान्य. म्हणून बारेसी नसतानाचे सामने पाहायचे. सुदैवाने असा एक सामना आहे, आणि तोही साधासुधा नाही.

18 मे 1994, अथेन्स, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. समोर योहान क्रायफ यांचं बार्सिलोना, पुढच्या फळीत रोमारिओ आणि स्तोइचकोव. मिलानचे बारेसी आणि कोस्ताकुर्ता दोघेही बंदीमुळे बाहेर. फळीचा अख्खा मधला भाग रिकामा झाला होता. प्रशिक्षक कापेलो यांनी पाओलोला डाव्या बाजूवरून मध्यभागी आणलं आणि फिलिप्पो गाल्लीच्या शेजारी उभं केलं. नेहमीची जागा नाही, नेहमीचा जोडीदार नाही, आणि त्या वर्षीची युरोपातली सगळ्यात धोकादायक आघाडी समोर. मिलान 4-0 जिंकलं. दोनच महिन्यांत विश्वचषकात तेच घडलं. नॉर्वेविरुद्ध बारेसीचा गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया झाली, आणि तो थेट अंतिम सामन्यालाच परतला. मधले सामने बचावाचं केंद्र पाओलोने सांभाळलं. त्याचा मूळचा पाय उजवा. करिअरचा मोठा भाग तो डाव्या बाजूला खेळला आणि गरज पडली तेव्हा मध्यभागी, प्रत्येक जागी जगातल्या पहिल्या दोन-तीन खेळाडूंत. ही गोष्ट शेजाऱ्याकडून उसनी मिळत नाही.

बारेसी 1997 साली निवृत्त झाला. त्यानंतर मिलानने चॅम्पियन्स लीग दोनदा जिंकली, 2003 आणि 2007 साली, दोन्ही वेळा पाओलोच्या नेतृत्वाखाली. 2003 च्या अंतिम सामन्यात युव्हेंटसला गोल करता आला नाही, आणि सामनावीर तोच ठरला. 2007 ला त्याचं वय 38 होतं.

‘बाहेर चाललं नसतं म्हणून एकाच क्लबात राहिला’ याला फार वेळ देण्याची गरज नाही. 1996-97 साली मिलान लीगमध्ये अकरावं आलं, पुढच्या वर्षी दहावं. त्या पहिल्या हंगामात युव्हेंटसने मिलानच्या घरी येऊन 6-1 असा धुव्वा उडवला होता. सोय पाहून राहणारा माणूस अशा वेळी निघतो. पाओलो तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा, इटलीचा कर्णधार. 1994 च्या बालोन दोरच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराच्या, मतदानात तिसरा आलेला. त्याला कुणी घेतलं नसतं, असं म्हणणाऱ्याने त्या काळातला एखादा सामना पाहावा.

आणि एकाच घरात राहण्याची किंमतही त्याने मोजली. 24 मे 2009, मिलानच्या घरच्या सान सिरो मैदानावरचा त्याचा शेवटचा सामना, रोमाविरुद्ध. मिलानच्याच कट्टर समर्थकांच्या एका गटाने त्याला शिट्ट्या मारल्या. ज्यांनी तुला श्रीमंत केलं त्यांचा मान तू राखला नाहीस, अशा अर्थाचा फलक लावला, आणि बारेसीच्या सहा नंबरच्या जर्सीचं भलंमोठं चित्र फडकवलं. त्या गटाच्या मर्जीत राहण्याचा प्रयत्न त्याने कधी केला नव्हता. नऊशेहून जास्त सामने खेळलेल्या माणसाला हा निरोप मिळाला, आणि मला त्याची आजही चीड येते. आठवडाभराने फ्लोरेन्समध्ये तो कारकिर्दीतला शेवटचा सामना खेळला. तिथे प्रतिस्पर्धी फिओरेंतिनाचे प्रेक्षक त्याच्यासाठी उभे राहिले.

राहिला नातू. पाओलोची तीन नंबरची जर्सी मिलानने निवृत्त केली आहे आणि ती फक्त त्याच्या मुलांना मिळू शकते, हे खरं आहे. मजकूर हे पुरावा म्हणून देतो. पण थोरला मुलगा क्रिस्तियान मिलानच्या युवा संघांत वाढूनही पहिल्या संघाकडून एकही अधिकृत सामना खेळला नाही. त्याची कारकीर्द खालच्या विभागांत गेली. धाकटा दानिएल 2020 साली मिलानकडून उतरला तो तीन नंबर न घालता. त्या वेळी पाओलो क्लबाचा तांत्रिक संचालक होता, म्हणजे संशयाला खरी जागा असलेला संपूर्ण मजकुरातला हा एकच काळ. त्या काळात दानिएलला मिळाले मोजके सामने, आणि मग त्याला स्पेझियाला उसनं पाठवलं गेलं. जून 2023 मध्ये मिलानने पाओलोलाच पदावरून दूर केलं. दानिएल एम्पोलीला गेला, तिथून मोंझाला, आणि मोंझाने त्याला कायमचं घेतलं. ऑक्टोबर 2024 मध्ये इटलीचे तेव्हाचे प्रशिक्षक लुचानो स्पाल्लेत्ती यांनी त्याला इस्रायलविरुद्ध इटलीकडून उतरवलं, तेव्हा तो गुणतक्त्याच्या तळाशी झगडणाऱ्या त्याच मोंझाचा खेळाडू होता आणि त्याच्या वडिलांकडे मिलानमध्ये कसलंही पद नव्हतं.