भाच्याला सव्हाना मांजर हवंय

आज सकाळी पोहे समोर आले, वरून जिरावण मसाला पण टाकून झाला नव्हता, तेवढ्यात भाच्याने रील पाठवली. कुठल्याशा बंगल्यातल्या सोफ्यावर एक पठ्ठ्या लोळतोय आणि त्याच्या छातीवर कुत्र्याएवढं मांजर. लांब पाय, सशासारखे उभे कान, अंगभर काळे ठिपके. खाली मेसेज, "मामा, सव्हाना. एफ-वन बघतोय. वाढदिवसापर्यंत येईल." पोहे तसेच गार झाले.

अरे, सुलतानला विसरलास का रे?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुलतान म्हणजे याचं बेंगाल जातीचं मांजर, बोका, लॉकडाउननंतर बाइकच्या किमतीत आणलेला. ताई-भाऊजी आणि हा मुन्नारला गेले तेव्हा अकरा दिवस तो आमच्याकडे होता, इंदूरला राजेंद्र नगरच्या टू बीएचकेमध्ये, जिथे आई ७८ वर्षांची आणि स्वयंपाकघरात अंडं पण येत नाही. पहिल्याच रात्री दोन वाजता बाथरूममधून पाण्याचा आवाज. वाटलं नळ राहिला. जाऊन बघतो तर साहेब बादलीत पोटापर्यंत बसलेत आणि धारेवर पंजे मारताहेत. लिव्हरचा नळ त्यानेच वर केलेला! माझ्याकडे एकदा बघितलं, "तुमचं काय काम?" असं, आणि परत पंजा. तेव्हा मी हसलो होतो, खोटं कशाला बोलू.

चौथ्या दिवशी हसू गेलं. जाळीतून बाल्कनीत घुसलेलं कबुतर त्याने हवेतल्या हवेत धरलं, पिसं तुळशीच्या कुंडीत, रक्त फरशीवर. आई दोन दिवस तिकडे फिरकली नाही. मग आईच्या गोधडीवर मुतला, मग देवघराच्या पडद्यावर, आणि तो वास फिनाईलने जात नाही, व्हिनेगरने जात नाही, पडदा फेकला तेव्हा गेला. नसबंदी "करायची राहिली होती" म्हणे. आणि खायला काय देत होते तर पनीर आणि दहीभात, कारण ताईचं घर शुद्ध शाकाहारी! डॉक्टरांनी मला झापलं, मी नुसता अकरा दिवसांचा पाहुणचार करणारा. मांजराला टॉरीन लागतं, ते मांसातून मिळतं, नाही मिळालं तर डोळे जातात, हृदय कमजोर होतं. मांस आणवत नसेल तर मांजर कशाला आणता? ससा पाळा ना.

आणि सुलतान तर कितव्या तरी पिढीतला, पाळीवच म्हणायचा. बेंगालचं मूळ आहे लेपर्ड कॅट, ती आपल्याच देशातल्या जंगलात असते, तिला कुणी पकडून घरात ठेवलं तर वन्यजीव कायद्यातल्या शेड्यूल वनचा गुन्हा. सव्हाना म्हणजे त्याच्या पुढची गोष्ट. आफ्रिकेतलं सर्व्हल नावाचं जंगली मांजर आणि घरचं मांजर यांचा संकर, पहिलं पिल्लू अमेरिकेत १९८६ साली झालं. सर्व्हल असतं अठरा किलोपर्यंत, आपली मनी चार किलोची, आता जोडी जमवा. सर्व्हलचे गाभणपणाचे दिवस चौऱ्याहत्तरच्या आसपास, मांजराचे पासष्टच्या आत-बाहेर, म्हणून पिल्लं कधी अपुऱ्या दिवसांची होतात. सुरुवातीच्या पिढ्यांतले बोके नापीक निघतात. आणि एफ-वन म्हणजे पहिली पिढी, याचा एक आईबाप थेट सर्व्हल, जे उभ्या उडीत गवतावरून पक्षी उचलतं. ते तुझ्या विजयनगरच्या फ्लॅटच्या चौथ्या मजल्यावर काय करणार रे, झूमरवर लटकणार? ऑस्ट्रेलियाने २००८ मध्येच यांना देशात यायला बंदी केली, कारण सुटली तर तिथले छोटे प्राणी संपवतील. रेबीजची लससुद्धा घरच्या मांजरांवर तपासलेली असते, अशा संकरावर नाही. उद्या चावलं तर?

बरं, मान्य करतो, पुढच्या पिढ्यांतली बरीच मांजरं शांत असतात, आणि आपली गल्लीतली मनी पण सोफा फाडतेच. झालं?

खरं म्हणजे सुलतानवर माझा राग नाहीच. संध्याकाळी तो खिडकीत बसायचा, समोरच्या निंबाच्या झाडावर खारी पळायच्या आणि त्याच्या तोंडातून तो कटकट कटकट आवाज यायचा, दात आपटल्यासारखा. तासभर. हलायचा नाही. आई म्हणाली, "याला बिचाऱ्याला कामच नाही." सत्तरएक पानांच्या ब्रीड गाइडमध्ये नसेल तेवढं आई एका वाक्यात बोलली. आपल्याला अंगावरचे ठिपके हवे असतात, ठिपक्यांच्या आतलं जनावर जागं झालं की आपण चप्पल उचलतो.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते. मुन्नारहून आल्यावर ताई रडकुंडीला आली होती, तेव्हा "सिमरोलकडे तुमच्या मित्राचं फार्महाऊस आहे ना, तिथे सोडा, मोकळा राहील" हे मीच म्हणालो होतो. मी. शहाण्यासारखं. पंधरा दिवसांत तो दिसेनासा झाला. तिकडे बिबटे फिरतात, कुत्र्यांच्या टोळ्या आहेत. जगला असला तर गावातल्या मांजरींत, नाहीतर रानमांजरांत मिसळला, ती पण वेगळीच घाण आपण करून ठेवली. "मोकळा राहील" कसलं डोंबलाचं. गोधडी धुऊन वैतागलो होतो म्हणून म्हणालो, एवढंच.

म्हणून आज भाच्याला जरा जास्तच लिहिलं. लिहिलं की सर्व्हल साईटीसच्या, म्हणजे वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, मागच्या चार पिढ्यांत जंगली रक्त असेल तर संकरालाही तोच नियम, २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव कायद्यात ते आलंय आणि २०२४ पासून सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, तुझ्या त्या इन्स्टावरच्या माणसाकडे कागद आहेत का विचार. लिहिलं की ते मांजर पंधरा वर्षं जगेल, तू दोन वर्षांत पुण्याला जॉब बघणारेस, मग कोण, परत मी? बादलीतला सुलतान पण आठवून दिला. गोधडी पण. सिमरोल नाही लिहिलं, हिंमत झाली नाही.

ब्लू टिक आली. अर्धा तास काही नाही. आत्ता उत्तर आलंय:

"मामा चार पिढ्या ना? मग एफ-फाइव्ह घेतो."