सोळा भाज्या मोठीच्या, कौतुक लहानीचं

घरात बोलली तर "मोठीच्या पोटात दुखून राहिलं" एवढंच ऐकायला मिळणार, म्हणून इथे ओकते.

आमच्याकडे महालक्ष्म्या, म्हणजे ज्येष्ठा-कनिष्ठा गौरी, असतात. नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर, सासऱ्यांच्या आजोबांपासून चालत आलेलं. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळावर विसर्जन, हे कॅलेंडरात छापून येतं. त्याआधीची मरमर कोणी छापत नाही. माळ्यावरून कोथळ्या (महालक्ष्म्यांची धडं) उतरवा, मुखवटे घासा, इतवारीतून किराणा आणा, फुलोऱ्याच्या करंज्या-पापड्या तळा, आंबिलीच्या ज्वारीचं बघा. त्यात भादव्याची उमस. कूलर लावला की अंग आणखीच चिकट. पूजनाच्या दिवशी सोळा भाज्या, पुरणपोळ्या, वडे, कढी, कोशिंबिरी, आणि पंगती संपता संपत नाहीत. बुधवार बाजारातून भाजीच्या पिशव्या वाहणारी कोण? मी. पहाटे उठून सोवळ्यात पुरण वाटणारी कोण? मीच.

धाकटी जाऊ पुण्याला असते. आवाहनाच्या दुपारी विमानानं उतरते. येताना लायटिंगच्या माळा अन् मागे लावायचा फुलांचा पडदा आणते, महालक्ष्म्यांच्या साड्यांच्या निऱ्या छान बसवते (बसवते खरंच छान, खोटं कशाला बोलू), फोटो काढते आणि घरच्या ग्रुपवर टाकते. झालं! आत्याबाईंपासून नणंदेपर्यंत सगळ्यांचे हात जोडलेले इमोजी. "लहानीनं काय सजवलं बाप्पा!" हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सासूबाई स्वतः हाताला धरून मखरापाशी नेतात. स्वयंपाकघराकडे बोट दाखवून म्हणतात, "मोठीला काय, तिला सवय आहे."

सवय! गुडघे दुखायची सवय कोणाला असते हो?

जाऊ धुतल्या तांदळाची आहे असंही नाही. ओट्याशी येऊन, "वहिनी, तुम्ही अजून एवढं सगळं घरीच करता?" असं सगळ्यांसमोर विचारते, आणि मग सांभार (कोथिंबीर) निवडायला बसते. एक जुडी. तेवढ्यात तिचा फोन वाजतो. पण माझा खरा राग तिच्यावर नाही. ती चार दिवसांची पाहुणी. राग येतो तो आमच्या दोघींना तराजूत घालून मजा पाहणाऱ्यांचा. तिच्यापुढे माझ्या पुरणाचं कौतुक, माझ्यापुढे तिच्या पगाराचं. नणंद तर इकडचं तिकडे पोचवण्यात इतकी पक्की की कुरिअरवाल्यानं लाजावं. नवऱ्याला सांगितलं तर "तू काऊन मनावर घेते?" म्हणतो आणि मॅच लावतो.

आणि याच सासूबाई सीताबर्डीला महालक्ष्म्यांच्या साड्या घ्यायला गेल्या की दुकानदाराचं डोकं खातात. दोन्ही साड्या एकाच भावाच्या पाहिजेत, काठ तेवढेच पाहिजेत. ज्येष्ठेला भारी अन् कनिष्ठेला हलकी असं चालत नाही, देवी रुसते म्हणे. घरच्या दोन सुनांच्या बाबतीत हा हिशोब कुठे जातो देव जाणे.

यंदा मी सरळ ग्रुपवरच लिहिलं: आठ भाज्या माझ्या, आठ तिच्या, पुरण दोघींनी मिळून, आणि सजावटही दोघींची. कोणी भांडी, कोणी पंगती वाढायच्या, तेही नावानिशी टाकलं. पुरुषांची नावं पण. जावेनं होकाराचा अंगठा टाकला, चक्क! दिरानंही. बोंब मारली ती सासूबाईंनी. संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन म्हणतात, "अवं, लहानीला पुरण नाही जमत. तिला कशाला त्रास?"

मग शिकवा ना, आई. मी काय माहेरून पुरणयंत्र गळ्यात बांधून आली होती?