डबा बंद करण्याआधी आतली ओल बघा

जुना पुअर चहा (चकतीसारखा दाबून वर्षानुवर्षं मुरवला जाणारा चिनी चहा) दमट हवेत ‘सरळ हवाबंद डब्यात ठेवा’ असं चहा साठवण्याबद्दलच्या एका लेखात म्हटलंय, ते अर्धंच खरं आहे. हवा ओली असताना डबा बंद केला की ती ओल आतच कोंडते. माझी 357 ग्रॅमची एक चकती अशीच गेली. कागद उलगडला तर घडीघडीत हिरवट-पांढरी लव आणि नाकात बसणारा कुबट वास! फार हळहळले. आता डब्यात छोटा आर्द्रतामापक असतो. आकडा 65 टक्क्यांच्या आसपास असला की निर्धास्त, 75 कडे सरकला की लगेच ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी. आणि कृपा करून फ्रिजमध्ये नको. बाहेर काढल्यावर गार पानांवर पाणी धरतं, शिवाय शेजारच्या पदार्थांचा वास चहा ओढून घेतो तो वेगळाच.